सॅलमँडर : गैरसमज आणि ओली कातडी

महाराष्ट्रात सॅलमँडर आढळत नाही. पावसाळ्यात कोकणातून, घाटमाथ्यावरून चकचकीत अंगाच्या, पालीसारख्या प्राण्याचे फोटो 'सॅलमँडर दिसला' म्हणून फिरतात, तेव्हा ती बहुतेक वेळा सापसुरळी असते. सापसुरळी सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. तिच्या अंगावर खवले असतात आणि बोटांना नखे. सॅलमँडरचे नाते बेडकाशी. तो उभयचर आहे. त्याच्या अंगावर खवले नसतात, बहुतेक जातींना नखेही नसतात, आणि पुढच्या पायांना सहसा चारच बोटे असतात. अनेक जातींची पिल्ले मानेजवळ झुपकेदार कल्ले घेऊन पाण्यात वाढतात. ठेवण पालीची दिसते म्हणून त्याला पालीच्या घरात बसवणे चूक आहे.

सह्याद्रीत पाऊस, ओलावा, पालापाचोळा सगळे आहे, मग सॅलमँडर का नाही? कारण फार जुने आहे. सॅलमँडर उत्तरेकडच्या खंडांवर उदयाला आले आणि तिथेच पसरले. आपले द्वीपकल्प दक्षिणेच्या गोंडवन महाखंडातून तुटून उत्तरेला आले, ते बेडूक आणि देवगांडूळ (बिनपायांचे उभयचर) घेऊन. सॅलमँडर त्या भूभागावर नव्हतेच. म्हणून घाटातल्या ओल्या मातीत देवगांडूळ मिळतात, सॅलमँडर नाहीत.

यावरून 'भारतातच सॅलमँडर नाहीत' असा दुसरा गैरसमज होतो. भारतात ते आहेत, पण पूर्व हिमालय आणि ईशान्येच्या डोंगरांत, म्हणजे आशियाच्या मुख्य भूमीकडून जिथवर येता आले तिथवर. दार्जिलिंगच्या डोंगरातला सॅलमँडर अनेक दशके चीनच्या युनानमधल्या, १८७१ मध्ये वर्णन झालेल्या जातीचाच मानला जात होता. २०१५ मध्ये तो वेगळी जात ठरला आणि त्याच्या शास्त्रीय नावात हिमालय आला. पावसाळ्यात तो तळ्यांत, डबक्यांत वीण करतो आणि हिवाळा दगड-ओंडक्यांखाली काढतो. त्याच्यासाठी दार्जिलिंगजवळ जोरपोखरी येथे १९८५ पासून जेमतेम चार हेक्टरांचे अभयारण्य आहे. एवढ्या लहान प्राण्यासाठी अभयारण्य राखणे ही मला आपल्या वन्यजीव धोरणातली फार शहाणपणाची गोष्ट वाटते.

सर्वांत जुना गैरसमज आगीचा. सॅलमँडर इतका थंड असतो की त्याच्या स्पर्शाने आग विझते, असे रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवले, आणि युरोपात ही समजूत शतकानुशतके टिकली. न जळणारे ॲस्बेस्टॉसचे कापड सॅलमँडरच्या लोकरीचे म्हणून ओळखले जाई. हे कापड प्राण्याच्या लोकरीचे नसून जमिनीतून निघणाऱ्या खनिजाचे आहे, असे मार्को पोलोला मुद्दाम सांगावे लागले. या समजुतीचा उगम बहुधा साधा आहे. सॅलमँडर ओलसर, कुजक्या ओंडक्यांत लपतात. तोच ओंडका चुलाणात गेला की धग लागून प्राणी जिवाच्या आकांताने बाहेर पळतो, आणि पाहणाऱ्याला तो आगीतून जन्मल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात थोडी कोरडी हवाही त्याला घातक ठरते.

ती का, हे कळले की सॅलमँडर कळला. त्याची कातडी पातळ, सदैव ओली आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली असते, आणि तिच्यातून तो श्वास घेतो. आज ज्ञात असलेल्या आठशेहून अधिक जातींपैकी निम्म्याहून जास्त एकाच कुळातल्या आहेत, आणि त्या कुळातल्या प्राण्यांना फुफ्फुसेच नाहीत. लागणारा सगळा प्राणवायू ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून येतो. अंग कोरडे पडले की त्यांचा श्वास थांबतो. अमेरिकेच्या ॲपलेशियन पर्वतरांगेत असे सॅलमँडर विपुल आहेत. रात्री, पावसात, पानांखाली वावरत असल्याने ते नजरेस पडत नाहीत आणि 'असतील चार-दोन' असे वाटते. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलातल्या, १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा समज मोडला. तिथल्या सगळ्या सॅलमँडरांचे एकत्रित वजन पक्ष्यांच्या ऐन विणीच्या काळातल्या एकत्रित वजनाच्या सुमारे दुप्पट भरले. जमिनीवरचे किडे खाणारे आणि साप-पक्ष्यांचे खाद्य होणारे हे प्राणी जंगलाच्या अन्नसाखळीचा मोठा भार उचलतात.

विषाबद्दलही थोडे सांगायला हवे. सॅलमँडर चावून विष टोचत नाहीत. अनेकांच्या कातडीत मात्र विष असते, आणि काहींचे फार जहाल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडबडीत कातडीच्या न्यूट या सॅलमँडरमध्ये फुगा माशात असते तेच विष सापडते. १९७९ मध्ये ऑरेगनमध्ये असा न्यूट गिळलेला एक माणूस दगावला. पण सॅलमँडर कुणाच्या अंगावर धावून येत नाही. हाताळू नये, हात लागलाच तर साबणाने धुवावा. ठार मारण्याचे काही कारण नाही.

आता तुटलेल्या पायाबद्दल. सॅलमँडर पाय, शेपूट, हृदयाचा काही भाग, मज्जारज्जूसुद्धा पुन्हा घडवतो, हे खरे आहे. जखमेवर कातडीचा पातळ थर चढतो, त्याखाली पेशींचा कोंब तयार होतो आणि त्यातून हाड, स्नायू, नसा योग्य जागी उभ्या राहतात. मेक्सिकोच्या ॲक्सोलॉटल या सॅलमँडरवर याचे सर्वाधिक संशोधन झाले आहे. शरीरातल्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशी काढून टाकल्या तर पाय परत येत नाही, जखमेवर वण उरतो, असे २०१३ मध्ये दिसून आले. ॲक्सोलॉटलचा जनुकसंच २०१८ मध्ये वाचला गेला, तो माणसाच्या सुमारे दहापट मोठा निघाला. पण यावरून 'सॅलमँडर चिवट, त्याला काही होत नाही' असे जे मानले जाते, ते मला सर्वांत घातक वाटते. ज्या वर्षी मॅक्रोफेजचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी सॅलमँडरांची कातडी खाणाऱ्या एका नव्या बुरशीचे वर्णन झाले. नेदरलँड्समधल्या पिवळ्या-काळ्या अग्नी-सॅलमँडरांची संख्या तिच्यामुळे काही वर्षांत सुमारे ९६ टक्क्यांनी घटली होती. ही बुरशी मूळची आशियातली. तिथल्या काही जाती ती बाळगूनही जगतात. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती युरोपात पोचली असावी. अमेरिकेने २०१६ मध्ये २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली. पाय नव्याने उगवता येतो, पण कातडीच गेली तर काहीच उपाय उरत नाही.

'काचेच्या टाक्यांत भरपूर आहेत, म्हणजे जात सुरक्षित आहे' हाही असाच समज. प्रयोगशाळांत आणि घरांत ॲक्सोलॉटल प्रचंड संख्येने आहेत. पण त्याचे जंगली घर फक्त मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोचे कालवे. तिथे १९९८ मध्ये चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते, २०१४ मध्ये ३६. गढूळ, दूषित पाणी आणि बाहेरून सोडलेले कार्प व तिलापिया मासे ही त्याची कारणे. चीनमधल्या महाकाय सॅलमँडरची गोष्ट याहून वाईट आहे. शेतीसारख्या संवर्धनकेंद्रांत तो लाखोंनी वाढवला जातो. २०१३ ते २०१६ दरम्यान जंगलातल्या ९७ ठिकाणी शोध घेतला तेव्हा चार ठिकाणी मिळून २४ प्राणी सापडले, आणि तेही बहुधा केंद्रांतून सोडलेले. शिवाय एकच समजली जाणारी ही जात निदान पाच वेगळ्या वंशांची निघाली, म्हणजे ते केंद्रांत एकत्र वाढवताना वंश मिसळले जाण्याचा धोका आहे.

ॲक्सोलॉटल आता आपल्याकडेही हौसेने पाळले जातात. त्याला १६ ते १८ अंशांचे थंड पाणी लागते, आपल्या उन्हाळ्यात ते साध्या टाकीत राखता येत नाही. आधीच घरी असेल, तर त्याला चांगले सांभाळा आणि द्यायचाच झाला तर नीट माहिती असलेल्या माणसाकडेच सोपवा. तळ्यात, नदीत, विहिरीत मात्र कधीही सोडू नका. त्याच्यासोबत कोणता आजार पाण्यात उतरेल हे डोळ्यांना दिसत नाही, आणि आपल्या बेडकांची कातडीही तितकीच पातळ आहे.