मारवाड सोडण्यापूर्वीं

बदलीचा हुकूम हातांत पडला म्हणजे घरांत पहिली चर्चा होते ती सामानाच्या खोक्यांची आणि दुसरी मुलांच्या शाळेची. लष्कर, रेल्वे, बँका यांतील नोकरीमुळें कित्येक मराठी कुटुंबें जोधपूर-जैसलमेरकडे तीन-चार वर्षें काढून परत येतात. येतांना बरोबर बांधणीचीं वस्त्रें असतात, मेहरानगडाचीं छायाचित्रें असतात आणि समच्या वाळूंत उंटावर घालविलेल्या अर्ध्या तासाची आठवण असते. ज्या मुलखाचें अन्नपाणी एवढे दिवस घेतलें, तो मुलूख मात्र बहुधा पाहावयाचा राहून जातो.

यांत सगळा दोष आळसाचा नाहीं. थोडा ऋतूचाही आहे. बदल्या बहुतेक उन्हाळ्यांत होतात, आणि मारवाडचा उन्हाळा हिंडण्याचा नव्हे. जोधपूरच्या वायव्येस फलोदी म्हणून गांव आहे. तेथें १९ मे २०१६ रोजीं उष्णमान ५१ अंशांपर्यंत चढलें होतें. अशा दिवसांत 'जाण्यापूर्वीं एकदां पाहून घेऊं' हा संकल्प उंबऱ्याबाहेर पडत नाहीं. म्हणून ज्याला पाहावयाचें असेल त्यानें हुकुमाची वाट पाहूं नये. शेवटचा हिवाळा कोणता, याचा अंदाज आधींच बांधावा. भाद्रपदापासून फाल्गुनापर्यंतचे महिने काय ते आपले.

वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या, ही समजूत चित्रपटांनीं करून दिलेली आहे. थरच्या वाळवंटांत उघडा खडक आहे, मुरमाड जमीन आहे, मैलोगणती गवताचे माळ आहेत. खडक पाहण्यास तर दूर जावें लागत नाहीं. मेहरानगडाच्या पायथ्याशीं सुमारें ७० हेक्टर खडकाळ जमिनीवर राव जोधा उद्यान आहे. येथला खडक ज्वालामुखीच्या उद्रेकांतून झालेला, कोट्यवधि वर्षांचा. संस्थानी अमदानींत मारवाडांत परदेशी बाभळीची मुद्दाम लागवड झाली. आपल्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात, आणि मारवाडींतही तिचें नांव बावळिया, म्हणजे वेडीच! तिनें हा खडकही व्यापून टाकिला होता. २००६ सालापासून प्रदीप कृष्णेन यांच्या देखरेखीखालीं ती मुळासकट उपटून तिच्या जागीं वाळवंटांतलीं मूळचीं झाडेंझुडपें लावण्यांत आलीं. खाणींत काम करणारे कारागीर हातोडीनें खडक वाजवून, आवाजावरून भेग ओळखीत आणि तेथें खड्डा घेत. पाऊस सरतांच एका सकाळीं या वाटांनीं चालून यावें. पायांत जाड तळाचे जोडे मात्र असावेत.

जोधपूरपासून सुमारें पंचवीस किलोमीटरांवर खेजडली गांव आहे. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतों. येथें १७३० सालीं तिच्या रक्षणासाठीं ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनीं प्राण दिले. जवळच्या शेतांतून काळवीट निर्धास्त चरत असतात. ही अर्ध्या दिवसाची सफर आहे. ती कोणीं चुकवूं नये.

फलोदीजवळच्या खीचन गांवीं मात्र मुक्काम करावा. मंगोलिया, मध्य आशिया या भागांतून हिमालय ओलांडून करकोच्यांच्या जातीचे हजारों पक्षी हिवाळ्यासाठीं येथें उतरतात. मारवाडी लोक त्यांना कुरजां म्हणतात. गांवकरी त्यांच्यासाठीं रोज दाणे पसरून ठेवतात. सूर्योदयाच्या सुमारास ते थव्यांनीं खालीं येऊं लागले म्हणजे त्यांच्या कलकलाटांत शेजारच्या माणसाचें बोलणें ऐकूं येत नाहीं. फाल्गुन सरतां सरतां ते परततात. तेव्हां ही गोष्ट चैत्रावर टाकणें म्हणजे न जाणेंच.

समच्या वाळूविषयीं एवढेंच सांगावयाचें कीं संध्याकाळची गर्दी टाळून तेथें पहाटे जावें. रात्रीं वारा पडलेला असला तर वाळूवर किडे, सरडे आणि कोल्हे यांच्या पावलांचा रात्रभरचा रोजनामा जसाच्या तसा लिहिलेला असतो. जैसलमेरपासून १७ किलोमीटरांवर आकल येथें दगड झालेले वृक्षांचे बुंधे पडले आहेत. ते सुमारें १८ कोटि वर्षांपूर्वींचे आहेत. ते पाहून येथें एके काळीं अरण्य होतें यावर विश्वास बसतो. एरव्हीं बसत नाहीं.

राहतां राहिला तो गवताचा माळ. प्रवासी ज्याच्याकडे पाठ करून वाळूकडे धांवतात, तोच खरा पाहावयाचा. जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटरांचें मरु राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्यांतील सेवण गवतांत गोडावण राहतो. हा आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानांत त्याच्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें, पण आतां तेथें तो दिसणें हा भाग्ययोगच. मोकळ्या रानांत उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास धरले जातात आणि त्यांपैकीं बहुतेक या एका मुलखांत आहेत. पक्षी मीटरभर उंच, नर पंधरा किलोंपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें उडतांना त्याला समोरचें फारसें दिसत नाहीं, आणि अंग जड असल्यानें ऐन वेळीं वळतांही येत नाहीं. त्यामुळें वाळवंटांत पसरलेल्या विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. गंमत अशी कीं यांतील कित्येक तारा पवनचक्क्यांची आणि सूर्याची, म्हणजे ज्या विजेला आपण निरुपद्रवी समजतों ती वीज वाहून नेतात. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला; पुढें २०२४ सालीं तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोंपविला. इकडे सम येथें २०१९ पासून अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें काम चाललें आहे.

उद्यानांत जाण्यास वनखात्याचा परवाना लागतो. तो आधीं काढावा आणि स्थानिक वाटाड्या घ्यावा. मोटारींतून उतरूं नये, मुलांना मोठ्यानें बोलूं देऊं नये. एका फेरींत गोडावण दिसेलच असें नाहीं. चिंकारा, गिधाडें, वाळवंटी कोल्हा हे बहुधा दिसतात. तेवढ्यावर परत फिरूं नये. समला किंवा जवळपास मुक्काम करून दुसरी पहाटही त्याच्यासाठीं राखून ठेवावी.