दुखणं सांगावं
कात्रजला आमच्या घराजवळच माझ्या पत्नीचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. भूलतज्ज्ञ बाईंनी अफूच्या कुळातल्या औषधांचं नाव काढताच ती दचकली. "नशेची चीज नको. दुखणं सोसेन मी," म्हणाली.

बाईंनी शांतपणे समजावलं. मॉर्फिन अफूतूनच निघतं. शिरेतून दिलं तरी पूर्ण गुण यायला वीसेक मिनिटं लागतात. मग तो तीन-चार तास टिकतो. फेंटॅनिल १९६० साली बेल्जियममध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. ते मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट जोरकस, म्हणून मात्रा मायक्रोग्रॅममध्ये. काही मिनिटांत गुण येतो, अर्ध्या-एक तासात ओसरतो. त्यामुळे अशा छोट्या ऑपरेशनमध्ये ते सोयीचं. ट्रॅमाडॉल त्यांहून सौम्य. नंतरच्या दुखण्यावर देतात, पण मळमळ वाढवतं. या औषधांनी श्वास मंदावू शकतो, म्हणून रुग्णावर सतत नजर ठेवतात.

जखमा चारच आणि इवल्याशा. पण पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल दुखावतं आणि कळ येते खांद्यात! त्यासाठी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधंही जोडीला देतात. त्यामुळे अफूवर्गीय औषध कमी लागतं.

मी पत्नीला म्हटलं, "तोलूनमापून दिलेला इलाज म्हणजे नशा नव्हे."

रात्री नर्सनं विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सहा."

औषधाची निवड डॉक्टरांनी करावी. आकडा मात्र आपणच खरा सांगायचा असतो.