फायरवॉलची डिस्क कशाने मरते?

एखाद्या सीएच्या कार्यालयात, दवाखान्यात किंवा पंधरा-वीस माणसांच्या कारखान्यात स्वतःची फायरवॉल बसवायची ठरली की सगळा खल प्रोसेसर आणि नेटवर्क पोर्टवर होतो. बिनपंख्याचा छोटा डबा घ्यायचा, त्यात पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स ही फायरवॉल प्रणाली टाकायची, इथपर्यंत एकमत असतं. डिस्कचा विषय निघाला की मात्र ‘ड्रॉवरमध्ये एक पेनड्राइव्ह पडलाय, तोच लावून टाकू’ एवढ्यावर भागवलं जातं. काही महिने सुरळीत जातात. मग एक दिवस लाईट जाऊन येते आणि डबा पुन्हा उभाच राहत नाही. सगळ्या कार्यालयाचं इंटरनेट बंद. अशा वेळी प्रोसेसरआधी डिस्कवर संशय घ्यावा.

दुसरीकडे काही जण उलट टोकाला जाऊन सर्वांत वेगवान एनव्हीएमई डिस्क विकत घेतात. तिचाही इथे फारसा उपयोग नाही. फायरवॉलमधून जाणारं पॅकेट डिस्कला शिवत नाही. ते एका पोर्टमधून येतं, रॅममध्ये तपासलं जातं आणि दुसऱ्या पोर्टमधून निघून जातं. डिस्क वेगवान असली तर डबा काही सेकंद लवकर सुरू होईल, इंटरनेट काही वेगवान होणार नाही. इथे प्रश्न फक्त टिकाऊपणाचा आहे आणि टिकाऊपणा ठरतो तो लिहिण्यावर.

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बोर्डवरच डाग देऊन बसवलेली ईएमएमसी चिप आणि एसएसडी या सगळ्यांच्या आत एकच तंत्र आहे, नँड फ्लॅश. तोशिबातले संशोधक फुजिओ मासुओका यांनी ते १९८७ मध्ये जगापुढे मांडलं. प्रत्येक पेशीत विद्युतरोधक थरांच्या मधे इलेक्ट्रॉन कोंडले जातात, आणि किती कोंडले यावरून शून्य की एक हे ठरतं. हे इलेक्ट्रॉन आत ढकलायला आणि बाहेर काढायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. दर वेळी त्या पातळ थराला थोडी इजा होते. शेवटी तो इलेक्ट्रॉन धरून ठेवू शकत नाही आणि पेशी निकामी होते. एका पेशीत एकच बिट ठेवणारी एसएलसी फ्लॅश असं पुसणं-लिहिणं साधारण लाखभर वेळा सोसते. आज बाजारात सर्रास मिळणारी, एका पेशीत तीन बिट कोंबणारी टीएलसी एक ते तीन हजार वेळा सोसते. चार बिटांची क्यूएलसी त्याहूनही कमी. नुसत्या वाचण्याने मात्र फ्लॅश जवळजवळ झिजत नाही.

यात आणखी एक मेख आहे. फ्लॅशवर लिहायचं ते पानापानाने, आणि पान अनेकदा १६ केबीचं असतं. पुसायचं मात्र कित्येक एमबीच्या अख्ख्या ब्लॉकने. पाटीवरचा एक शब्द बदलायचा तर आधी सगळी पाटी पुसावी लागावी, तशी ही गत. फायरवॉलच्या लॉगमधली एक ओळ, म्हणजे कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पोर्टवर कोण आलं आणि त्याला अडवलं की सोडलं, ही जेमतेम २०० बाइटची. तेवढ्यासाठी आत त्याच्या कितीतरी पट लिहिलं जाऊ शकतं.

हिशेब मांडून पाहू. १६ जीबीची ईएमएमसी, सोसण्याची क्षमता ३,००० वेळा. झीज सगळीकडे अगदी समान झाली तरी एकूण ४८ टीबी लिहून होईल. फायरवॉलवर घुसखोरी ओळखणारी प्रणाली, ट्रॅफिकचे आलेख आणि डीएनएसचा लॉग असं सगळं चालू आहे आणि सरासरी सेकंदाला ३०० केबी लिहिलं जातंय असं धरा. आकडा किरकोळ वाटतो, पण दिवसाला ते २६ जीबी होतात. आतलं प्रत्यक्ष लिखाण त्याच्या चौपट धरलं तर शंभर जीबीच्या वर. म्हणजे नवी कोरी चिप सव्वा वर्षात संपली. ती बोर्डवर डाग दिलेली असल्यामुळे बदलायचीही सोय नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांच्या मधल्या पडद्यामागे ८ जीबीची ईएमएमसी चिप होती. गाडीचा संगणक तिच्यावर सतत काही ना काही लिहीत राही. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा नियामकाने चौकशी करून सांगितलं की ही चिप सरासरी ३,००० वेळा पुसणं-लिहिणं सोसते आणि पाच-सहा वर्षांत संपते. ती संपली की पडदा काळा, मागचा कॅमेरा बंद. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

लहान फायरवॉल घडवणाऱ्या जुन्या मंडळींना हे पक्कं ठाऊक होतं. स्वित्झर्लंडच्या मानुएल कास्पर यांनी २००३ मध्ये मोनोवॉल ही प्रणाली आणली. तिला १६ एमबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड पुरायचं. सुरू होताना सगळी प्रणाली कार्डावरून रॅममध्ये यायची आणि पुढे रॅममध्येच चालायची. सगळ्या सेटिंग्ज एका एक्सएमएल फाइलमध्ये असत आणि कार्डावर लिहिलं जाई ते फक्त सेटिंग बदलल्यावर. याच मुळातून निघालेल्या पीएफसेन्सची नॅनोबीएसडी आवृत्ती एक पाऊल पुढे गेली. कार्डाचे दोन भाग, दोन्हींवर पूर्ण प्रणाली, दोन्ही फक्त वाचण्यापुरते उघडलेले. अपडेट दुसऱ्या भागावर चढवायचं, बिघडलं तर पहिल्यावरून सुरू करायचं. २०१७ मध्ये पीएफसेन्स २.४ आलं तेव्हा ही आवृत्ती बंद झाली. डिस्क स्वस्त झाल्या होत्या, त्यामुळे निर्णय समजण्यासारखा आहे, पण तिच्यासोबत लिहिण्याची काटकसरही विस्मरणात गेली याचं मला वाईट वाटतं. ओपनडब्ल्यूआरटीवर चालणाऱ्या घरगुती राउटरमध्ये ती अजून टिकून आहे. तिथला लॉग मुळातच रॅममध्ये राहतो, म्हणून १६ एमबीची फ्लॅश वर्षानुवर्षं चालते.

आपल्याकडे दुसरा शत्रू म्हणजे वीज. पुण्यात गुरुवार हा देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, आणि पावसाळ्यात तर वाराचाही भरवसा नाही. कोणती माहिती फ्लॅशच्या कोणत्या पानावर आहे याचा तक्ता डिस्कचा कंट्रोलर ठेवतो. नेमका तो लिहिताना वीज गेली तर एखाद-दुसरी फाइल नव्हे, अख्खी डिस्क हातची जाऊ शकते. सर्व्हरसाठीच्या एसएसडीमध्ये यासाठी कपॅसिटर असतात. वीज गेल्यावर ते क्षणभर पुरवठा धरतात आणि अर्धवट काम पुरं होतं. पेनड्राइव्ह आणि एसडी कार्डात असं काही नसतं. फाइल प्रणाली निवडताना झेडएफएस घ्यावी. ती जुन्या माहितीवर लिहीत नाही, नवी प्रत दुसरीकडे लिहून मगच जुनी सोडते, म्हणून वीज गेली तरी आधीची अवस्था शाबूत असते. मात्र ती साधारण दर पाच सेकंदांनी साठलेलं डिस्कवर उतरवते, म्हणजे दिवसाला १७ हजारांवर वेळा. लहान ईएमएमसीवर हे भारी पडतं. तिथे लॉग आणि तात्पुरत्या फाइलींचे /var आणि /tmp हे फोल्डर रॅममध्ये ठेवायची सोय पीएफसेन्समध्येच दिलेली आहे, ती चालू करावी. फायरवॉल आणि राउटरपुरता छोटा यूपीएस तर हवाच.

मग घ्यायचं काय? पेनड्राइव्ह फक्त इन्स्टॉल करण्यासाठी वापरावा, त्यावर प्रणाली कायमची चालवू नये. एसडी कार्डाशिवाय इलाज नसेल तर सीसीटीव्हीसाठी बनवलेलं, सतत लिहिणं सोसणारं कार्ड घ्यावं, तेही खात्रीच्या दुकानातून, कारण कार्डांच्या बाजारात खोट्या क्षमतेचा माल फार आहे. स्लॉट असेल तर १२८ जीबीची साधी साटा किंवा एम.२ एसएसडी ही माझी पहिली पसंती. प्रणालीला दोन-चार जीबीच लागतात, मग एवढी मोठी कशाला, असं विचारलं जातं. उरलेली जागा वाया जात नाही. झीज तेवढ्या जास्त ब्लॉकवर पसरते, म्हणून डिस्क तेवढी जास्त टिकते. खोक्यावरचा टीबीडब्ल्यू हा आकडा पाहावा. किती टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी हमी देते, ते तो सांगतो. आणि डबा कोंदट कपाटात ठेवू नये. उष्णतेत पेशींमधले इलेक्ट्रॉन लवकर गळतात. विदर्भातल्या मे महिन्यात बिनपंख्याचा डबा किती तापतो, ते हात लावून बघावं.

लॉग ठेवायचेच नाहीत, असं मात्र करता येणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि संस्थांना आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस, तेही भारतातच, जपून ठेवावे लागतात. सेकंदाला २०० बाइटच्या ५० ओळी धरल्या तर दिवसाचे ८६४ एमबी, १८० दिवसांचे दीडशे जीबीच्या वर. कॉम्प्रेस केल्यावर आकडा बराच खाली येतो, तरी ही साठवण फायरवॉलच्या अंगावर टाकू नये. सिसलॉग या नेटवर्कवरून लॉग पाठवण्याच्या सोयीने ते कार्यालयातल्या एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर पाठवावेत. तिथली फिरती हार्ड डिस्क अशा पुन्हापुन्हा लिहिण्याने झिजत नाही.

फायरवॉल आधीच बसवलेली असेल तर आज दोन गोष्टी करा. डिस्कची तब्येत बघा. एसएसडीसाठी स्मार्टसीटीएल ही आज्ञा आहे. ईएमएमसीच्या रजिस्टरमध्ये आयुष्य दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांत नोंदलेलं असतं. ०१ म्हणजे पहिल्या दहा टक्क्यांतली, ०बी म्हणजे ठरलेलं आयुष्य उलटून गेलेली. आणि सेटिंग्जची ती एक एक्सएमएल फाइल उतरवून दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा. पासवर्ड आणि व्हीपीएनच्या चाव्या तिच्यातच असतात, म्हणून ती एन्क्रिप्ट करूनच उतरवा. ही फाइल हाताशी असेल तर मेलेल्या डिस्कच्या जागी नवी लावून कार्यालय तासाभरात पुन्हा सुरू करता येतं.