नाळ, वार आणि त्यांतील पेशी

पूर्वी आपल्याकडे माणसाचे मूळ गाव विचारायचे असले की "तुमची नाळ कुठे पुरली?" असे विचारीत. बाळ जन्मले की सुईण नाळ कापायची. वार पडली की ती परसात खोल खड्डा करून पुरायची आणि कुत्र्यामांजराने उकरू नये म्हणून वर दगड ठेवायची. आता बाळंतपणे दवाखान्यात होतात. वार पिवळ्या पिशवीत घालून जाळण्यासाठी पाठवली जाते आणि तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत या टाकाऊ वस्तूला एकाएकी फार मोल आले आहे. या मोलातले खरे किती आणि विक्रीसाठी फुगवलेले किती, हे सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावे म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत.

निमित्त घरचेच झाले. आमच्या मंडळाचे एक सभासद मूळचे भंडारा जिल्ह्यातील. नोकरीनिमित्त ते इकडे शहरात स्थायिक झाले. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला सिकलसेलचा आजार आहे. पत्नीला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा प्रसूतिगृहाच्या बाकावरच एका खाजगी नाळरक्तपेढीचा प्रतिनिधी त्यांना भेटला. त्याच्या गुळगुळीत कागदावरच्या रंगीत पत्रकात ऐंशी रोगांची यादी होती. 'बाळाची नाळ जपून ठेवा, थोरलीचाही आजार जाईल आणि बाळालाही जन्मभराचे संरक्षण मिळेल' असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. रक्कम त्यांच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. ते पतसंस्थेतून कर्ज काढायला निघाले होते. जाण्यापूर्वी आमच्याकडे आले. आम्ही काही डॉक्टर नव्हे. म्हणून वाचले, जाणत्यांना विचारले, आणि जे कळले ते पुढे देत आहोत.

प्रथम शरीराची माहिती. वार हे बाळाचेच अंग आहे, आईचे नव्हे. बाळाच्या गर्भपेशींपासूनच तिचा बहुतेक भाग घडतो. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो भरते. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त तिच्यात एकमेकांजवळून वाहतात, पण मिसळत नाहीत. पातळ पडद्याआडून अन्न व प्राणवायू इकडून तिकडे जातात. नाळ सुमारे दीड ते दोन फूट लांब असते. तिच्यात दोन रोहिण्या व एक नीला असते आणि त्यांच्याभोवती जेलीसारखा चिकट मऊ पदार्थ असतो. सतराव्या शतकात थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने त्याचे वर्णन केले म्हणून त्याला व्हार्टनची जेली म्हणतात. उपचाराच्या दृष्टीने यातल्या तीन गोष्टी कामाच्या: नाळेत उरलेले रक्त, ही जेली, आणि वारेला चिकटलेला गर्भजलाच्या पिशवीचा पातळ पडदा. पत्रकात या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत बसवलेल्या होत्या. वास्तविक त्यांचे गुण निराळे आहेत आणि त्यांच्यामागचा पुरावाही निराळा आहे.

नाळरक्तापासून सुरुवात करू. आपल्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट या सर्वांचा जन्म हाडांच्या पोकळीतील मज्जेत होतो. तेथे काही थोड्या पेशी अशा असतात की त्या स्वतःसारख्या पेशीही निर्माण करतात आणि रक्ताच्या सर्व प्रकारच्या पेशीही. त्यांना मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. पेरणीसाठी राखून ठेवलेल्या बियाण्यासारख्या त्या असतात. मज्जा बिघडली तर औषधांनी ती पूर्ण नष्ट करून दुसऱ्याच्या निरोगी मूलपेशी शिरेतून द्यायच्या, त्या आपोआप हाडांत जाऊन रुजतात, हा मज्जारोपणाचा मार्ग. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तातही या पेशी भरपूर फिरत असतात आणि नाळेत उरलेल्या रक्तात त्या सापडतात.

हे ज्ञान प्रथम उपयोगात आले ते ऑक्टोबर १९८८ मध्ये, पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक रोगाने आजारी असलेला अमेरिकेतील एक पाच वर्षांचा मुलगा होता. त्याच्या आईला पुन्हा मुलगी झाली. गर्भात असतानाच तपासून पाहिले होते की तिला हा रोग नाही आणि तिच्या पेशी भावाशी जुळतात. तिच्या नाळेतील रक्त जन्मताच गोळा करून इंडियाना येथील शास्त्रज्ञ हॅल ब्रॉक्समायर यांनी ते गोठवून ठेवले, मग ते अटलांटिक ओलांडून पॅरिसला नेले गेले आणि डॉ. एलियान ग्लुकमन यांनी ते मुलाला दिले. पेशी रुजल्या. मुलगा वाचला, मोठा झाला. यानंतर काही वर्षांतच न्यूयॉर्कच्या रक्तपेढीने पाब्लो रुबिन्स्टाइन यांच्या पुढाकाराने सार्वजनिक नाळरक्तपेढी उघडली, आणि आजवर जगभर तीस हजारांहून अधिक रुग्णांना असे रोपण झाले आहे. रक्तकर्करोग, मज्जा सुकण्याचे आजार, थॅलसेमिया, प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष हे यातले मुख्य रोग.

गोळा करण्याची रीत सोपी आहे. नाळ चिमट्याने बंद करून कापली की वारेकडच्या टोकातील नीलेत सुई घालतात आणि रक्त पिशवीत उतरू देतात. आईला वा बाळाला टोचले जात नाही. पन्नास ते दीडशे मिलिलिटर एवढेच रक्त मिळते. पेढीत त्यातील तांबड्या पेशी व पाणी काढून उरलेला भाग द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशावर ठेवतात.

या रक्ताचा मोठा गुण असा की त्यातील पेशी अजून 'अननुभवी' असतात, परक्या शरीराशी भांडण कमी करतात. मज्जादात्याशी जुळणी काटेकोर लागते. नाळरक्तात सहा मुख्य खुणांपैकी चार जुळल्या तरी काम भागते. दोष असा की पेशी थोड्या. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान अडीच कोटी पेशी हव्यात असा ठोकताळा आहे. वीस किलोच्या मुलाला पन्नास कोटी लागतील, ते एका पिशवीत बहुधा मिळतात. साठ किलोच्या माणसाला दीडशे कोटी लागतील, आणि तेथे एक पिशवी अपुरी पडते. म्हणून प्रौढांना दोन बाळांच्या पिशव्या एकत्र देण्याची पद्धत निघाली, आणि पेशी प्रयोगशाळेत वाढवून देण्याचे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले. दरम्यान अर्ध्या जुळणीवर आई, बाप किंवा भावंडाची मज्जा वापरण्याचे तंत्र सुधारले, त्यामुळे नाळरक्ताची मागणी पूर्वीपेक्षा घटली आहे. हे वाक्य आम्हाला त्या पत्रकात कुठे दिसले नाही.

आता आपल्या सभासदाच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो केवळ त्यांचा नाही. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. विदर्भात हा दोष आदिवासींबरोबरच अनुसूचित जातींमध्येही, म्हणजे आपल्या समाजात, मोठ्या प्रमाणावर आढळतो. आपल्यापैकी कितीतरी घरांत 'पोरगी सारखी अशक्त असते', 'याची हाडे दुखतात' असे म्हणून तो दडलेला आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक घटक बदललेला असतो, तेवढ्याने तांबडी पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक.

पत्रकातील पहिला दावा होता बाळाला जन्मभराच्या संरक्षणाचा. बाळ स्वतःच सिकलसेलचे रुग्ण निघाले, तर त्याच्या नाळेतील पेशींतही तोच दोष असणार. बियाणेच किडके असेल तर ते जपून ठेवून पीक कसे सुधारेल? थॅलसेमियाचेही तेच. बालपणीच्या रक्तकर्करोगातही मुलाचे स्वतःचे नाळरक्त सहसा वापरीत नाहीत, कारण रोगाची सुरुवात पुष्कळदा गर्भातच झालेली असते. स्वतःचे नाळरक्त स्वतःला लागण्याचे अंदाज अडीच हजारांत एक इथपासून दोन लाखांत एक इथपर्यंत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आय.सी.एम.आर.ने, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळरक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असे म्हटले आहे. वार, नाळेची जेली, दुधाचे दात यांच्या व्यापारी साठवणुकीला तर त्यांत परवानगीच नाही. परवाना मिळतो तो फक्त नाळरक्ताला.

दुसरा दावा थोरल्या मुलीचा. यात मात्र तथ्य आहे, आणि म्हणून तो सर्रास खोटा म्हणून उडवून लावता येत नाही. घरात रोपणाने बरा होणारा रुग्ण असेल तर पुढच्या बाळाचे नाळरक्त राखणे डॉक्टरही सुचवतात. सख्ख्या भावंडाचे जुळणारे नाळरक्त देऊन सिकलसेल व थॅलसेमियाची मुले बरी झाली आहेत आणि निकाल मज्जारोपणाच्या तोडीचे आहेत. परक्याच्या नाळरक्ताचे तसे नाही. या दोन रोगांत ते पुष्कळदा रुजत नाही.

पण जुळेल का? येथे आमच्या विद्यार्थी मित्रांनी पाटी-पेन्सिल घ्यावी. दोघे आईबाप वाहक असताना बाळ रुग्ण नसण्याची शक्यता चारात तीन. भावंडाच्या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. सिकलसेलचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि जुळणीच्या खुणा सहाव्या गुणसूत्रावर, म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. म्हणून गुणाकार करायचा. तीन सोळांश. सोळांपैकी तीन वेळा उपयोग, तेरा वेळा नाही. वाहक बाळाचे रक्तही चालते, हे यात धरलेलेच आहे. शिवाय जुळलेले बाळ पुढे एक-दोन वर्षांचे झाले की त्याची थोडी मज्जाही घेता येते, आणि पुष्कळ ठिकाणी नाळरक्त व मज्जा दोन्ही मिळून देतात. रोपणाचा स्वतःचा धोकाही असतो: आधीची तीव्र औषधे, जंतुसंसर्ग, पुढे मूल न होण्याची शक्यता. 'सोपा इलाज' हा शब्द येथे वापरू नये.

आणखी एक बाब कोणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की बाळ जन्मल्यावर निदान एक मिनिट तरी नाळ कापू नये, कारण त्या अवधीत वारेतील रक्त बाळाकडे जाते आणि त्यातले लोह त्याला पहिले काही महिने पुरते. ज्या देशात निम्म्याहून अधिक लहान मुले रक्तक्षयी आहेत तेथे हे रक्त क्षुल्लक नव्हे. पिशवी भरावी म्हणून नाळ घाईने कापली तर बाळाच्या तोंडचा घास काढल्यासारखे होते.

नाळेच्या जेलीतील पेशी रक्त तयार करीत नाहीत. त्या सूज शमवणारी, दुरुस्तीला मदत करणारी द्रव्ये सोडतात. दक्षिण कोरियात २०१२ मध्ये नाळरक्तातून मिळवलेल्या याच जातीच्या पेशींचे गुडघ्याच्या कूर्चेवरील औषध मंजूर झाले. चीनमध्ये २०२५ च्या आरंभी नाळेच्या पेशींचे औषध रोपणानंतरच्या एका गंभीर उपद्रवासाठी मंजूर झाले. मधुमेह, पक्षाघात, मतिमंदत्व, स्वमग्नता यांवर मात्र प्रयोगच चालू आहेत. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी लाखभर रुपये मागून 'स्टेम सेलचे इंजेक्शन' देत असेल, तर तो प्रयोगही नाही आणि मान्य उपचारही नाही.

राहिला तो पातळ पडदा. याची जाहिरात कोणी करीत नाही, आणि आमच्या मते गरिबाच्या कामाला आलेली खरी वस्तू हीच. १९१० मध्ये अमेरिकेत डेव्हिस नावाच्या शल्यवैद्याने तो जखमेवर त्वचेऐवजी लावून पाहिला. त्यात रक्तवाहिन्या नसतात, शरीर त्याला सहसा झिडकारीत नाही, वेदना कमी होतात, ओलावा टिकतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतक पेढी आहे. तपासणी केलेल्या मातांच्या वारेवरून हा पडदा सोडवून, धुऊन, सुकवून, पाकिटात बंद करून गॅमा किरणांनी तो निर्जंतुक करतात. भाजलेल्या जखमांवर, चिघळलेल्या व्रणांवर त्याची पट्टी बसते. डोळ्यांचे डॉक्टरही तो वापरतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुलाच्या हातात फुटून चुना डोळ्यात गेला, असे अपघात आपल्या वस्त्यांत काही नवे नाहीत. अशा जळलेल्या डोळ्यावर हा पडदा शिवला तर जखम भरायला मदत होते. येथे पेशी जिवंत असण्याचीही गरज नाही.

वारेच्या पेशींचा एक उपयोग जन्मापूर्वीचा आहे. अकराव्या-बाराव्या आठवड्यात सुईने वारेचा कणभर तुकडा काढून बाळ सिकलसेलचे रुग्ण आहे का हे सांगता येते. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत ही तपासणी होते, आणि चंद्रपुरातही आय.सी.एम.आर.चे केंद्र आहे. त्याच्याही आधी, लग्न ठरवताना, मुलाची व मुलीची सोल्युबिलिटी चाचणी करता येते. ती सरकारी दवाखान्यात होते आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेतही ती आहे. दोघांपैकी एक वाहक नसेल तर मूल या आजाराचे रुग्ण होत नाही. पत्रिका पाहणे आपण सोडले. हा कागद पाहायला हरकत नसावी.

आमच्या सभासदाने कर्ज काढले नाही. मुलीच्या रक्तरोगतज्ज्ञांकडे दोघे नवराबायको गेले, जुळणीचा हिशेब समजून घेतला आणि बाळाची तपासणी जन्मानंतर करायचे ठरवले. मुलगा झाला. तो वाहक आहे, रुग्ण नाही. ताईशी त्याच्या खुणा जुळल्या नाहीत. ताई हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या घेते, पाणी भरपूर पिते, आणि यंदा दुसरीत गेली आहे.