नुसता हात लागला तरी कळ का येते? दुखण्यामागची एन्झाइमची साखळी

हैदराबाद : देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबादकडचे अनेक रुग्ण मोठ्या उपचारासाठी हैदराबाद गाठतात. सोबतच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्या आणि वेदनाशामक गोळ्या हमखास असतात. गोळी घेतली की बरं वाटतं, असर उतरला की पुन्हा ठणका. असं का होतं?

नस इतकी हळवी का होते?

दुखण्याची खबर मेंदूकडे नेणाऱ्या खास चेतापेशी असतात. त्यांच्यावर टीआरपीव्ही-१ नावाचं एक दार असतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसला ते उघडतं आणि चटका जाणवतो. मिरचीतलं कॅप्सेसिनही हेच दार उघडतं, म्हणून तोंडाची आग होते. १९९७ मध्ये हे दार ओळखणाऱ्या संशोधकांचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

मार लागला, सूज आली की कॉक्स हे एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन तयार करतं. ते चेतापेशीला चिकटलं की आतलं ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम कामाला लागतं. त्यातून निघालेला निरोप प्रोटीन कायनेज-ए या तिसऱ्या एन्झाइमला जागं करतो. ते दारावर फॉस्फेट चिकटवतं आणि दार कमी उष्णतेलाही उघडू लागतं. म्हणूनच उन्हाने भाजलेल्या पाठीला कोमट पाणीही पोळतं.

गोळी नेमकं काय करते?

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या कॉक्सला अडवतात. ॲस्पिरिनचं हे काम जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पण मूळ दुखणं तसंच राहतं, म्हणून असर उतरला की कळ परत येते. शिवाय प्रोस्टाग्लँडिन जठराच्या अस्तराला आणि मूत्रपिंडालाही सांभाळतं. रोज मनाने गोळ्या खाल्ल्या तर अल्सर होऊ शकतो, किडनीवर ताण येतो. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला देशात २०११ पासून बंदी आहे.

कॅन्सरच्या वेदनेत अनेकदा या गोळ्या पुरत नाहीत. तिथे मॉर्फिन लागतं. ते चेतापेशीतल्या ॲडेनिलिल सायक्लेजलाच आवर घालतं. हैदराबादच्या रेड हिल्समधील सरकारी एमएनजे कॅन्सर रुग्णालयात वेदनाशमनाचा विभाग आहे. २०१४ च्या कायदादुरुस्तीने उपचारासाठी मॉर्फिन मिळण्याची वाटही सोपी केली. ‘मॉर्फिन सुरू झालं म्हणजे संपलं’ ही समजूत चुकीची आहे. डॉक्टरांच्या देखरेखीत ते सुरक्षितपणे देता येतं.

बीपी किंवा किडनीचा त्रास असेल, तर दुकानातून परस्पर गोळी घेऊ नका. डॉक्टरांना आधीच्या सगळ्या गोळ्या दाखवा.