कवडी-चलन, हिंदी महासागरातील व्यापार आणि नागपूरकर भोसल्यांचा ओडिशा (1751-1803)

प्रास्ताविक

मराठी भाषेत कवडी हा शब्द क्षुद्रतेचा वाचक आहे. 'कवडीमोल', 'फुटकी कवडी', 'कवडीचुंबक' हे शब्दप्रयोग ज्याला किंमत नाही अशा वस्तूविषयी किंवा अशी वस्तूही न सोडणाऱ्या माणसाविषयी योजले जातात. मात्र हे सर्व प्रयोग मुळात चलनव्यवहारातून आलेले आहेत, याचा सहसा विसर पडतो. ज्याची किंमत एक कवडी आहे त्याची किंमत शून्य नसते. ती मोजता येण्याजोगी, परंतु सर्वांत लहान असते. सोळाव्या ते अठराव्या शतकांतील जागतिक व्यापाराचा इतिहास लिहिताना अमेरिकेतील चांदी, मलबारची मिरी आणि बंगालचे कापड यांची चर्चा विस्ताराने होते. ज्या शिंपल्याने बंगाल-ओडिशाचा शेतकरी सारा भरत होता आणि ज्या शिंपल्याने पश्चिम आफ्रिकेत माणसे विकत घेतली जात होती, तो शिंपला मात्र तळटीपेत राहतो.

या विषयाचा विदर्भाशी असलेला संबंध दूरान्वयाचा नाही. भंडारा ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, त्या राज्याची पूर्वेकडील हद्द 1751 पासून 1803 पर्यंत थेट बंगालच्या उपसागराला भिडलेली होती. नागपूरहून भंडाऱ्यावरून रायपूरकडे जाणारा आणि आज जवाहरनगरला लागून असलेला महामार्ग ज्या दिशेने जातो, त्याच दिशेला छत्तीसगडपलीकडे भोसल्यांचा कटक सुभा होता. त्या सुभ्याचा सारा कवड्यांत आकारला जात असे. समुद्रापासून इतक्या अंतरावर असलेल्या राजधानीने समुद्रातून आलेल्या चलनावर राज्य कसे चालवले आणि ते चलन निकामी झाल्यावर त्याची किंमत कोणी मोजली, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोजणीची पद्धत

भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या बाराव्या शतकातील ग्रंथाच्या आरंभी नाण्यांची परिभाषा दिली आहे. तीनुसार वीस वराटक म्हणजे कवड्या मिळून एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म होतो. म्हणजेच पण 80 कवड्यांचा आणि द्रम्म 1280 कवड्यांचा. ओडिशात अठराव्या शतकात प्रचलित असलेले कोष्टक याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. तेथे चार कवड्यांचा गंडा, पाच गंड्यांची बुडी, चार बुड्यांचा पण आणि सोळा पणांचे काहण मानले जाई. अधल्या पायऱ्या काहीशा वेगळ्या असल्या तरी पण 80 चाच आणि काहण 1280 चेच. खानदेशच्या परिसराशी ज्यांचे घराणे निगडित होते त्या गणितज्ञाचे कोष्टक आणि सहा शतकांनंतरचे ओडिशातील कोष्टक यांचा हा मेळ कवडीच्या चलनाची व्याप्ती आणि त्याचे स्थैर्य दोन्ही दाखवतो.

स्थिर होते ते कोष्टक, भाव नव्हे. रुपयाला किती कवड्या मिळतील हे स्थळ, हंगाम आणि बंदरात आलेली जहाजे यांवर ठरे. ओडिशात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी चार काहणांस एक रुपया, म्हणजे 5120 कवड्या, हा दर प्रमाण धरला गेला. शेतमजुराची रोजची मजुरी, आठवडी बाजारातील मीठ-भाजी किंवा देवळातील दान यांसाठी रुपया हे फार मोठे आणि तांब्याचे नाणेही पुष्कळदा मोठेच ठरे. कवडी झिजत नाही, तिची नक्कल करता येत नाही आणि ती वितळवून दुसरे काही करण्यात लाभ नसतो. गरिबाच्या व्यवहाराला याहून सोयीचे नाणे कोणत्याही टांकसाळीने पाडले नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

मालदीवपासून उईदापर्यंत

चलनात वापरली जाणारी पिवळसर लहान कवडी मुख्यतः मालदीव बेटांतून येत असे. 1343-44 मध्ये तेथे काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने तिचा व्यापार नोंदवला आहे. बंगालचे लोक तांदूळ आणून कवड्या नेत. मालदीवमध्ये एका सुवर्ण दिनारास चार लाख आणि कधी त्याहून कितीतरी अधिक कवड्या मिळत. पुढे पश्चिम आफ्रिकेत, नायजर नदीकाठच्या गाओ येथे, त्याच कवड्या दिनारास 1150 या भावाने चालत असल्याचे त्याने पाहिले. हा फरक साडेतीनशे पटींच्या घरात जातो. युरोपीय जहाजे हिंदी महासागरात येण्यापूर्वी दीडशे वर्षे ही दरी अस्तित्वात होती. युरोपीयांनी ती निर्माण केली नाही, तिचा उपयोग करून घेतला.

1602 मध्ये मालदीवजवळ जहाज फुटल्याने तेथे सुमारे पाच वर्षे अडकून पडलेला फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा पिरार याचे वर्णन अधिक तपशीलवार आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास स्त्रिया कमरेइतक्या पाण्यात उतरून कवड्या वेचत. त्या वाळूत पुरून आतील मांस कुजू दिले जाई, मग धुऊन बारा-बारा हजारांच्या गठड्या नारळाच्या झावळ्यांत बांधल्या जात. केवळ कवड्यांनी भरलेली तीस-चाळीस जहाजे वर्षाकाठी बंगालकडे जाताना पाहिल्याचे तो लिहितो. बेटांवर भात पिकत नाही, बंगाल-ओडिशात कवडी सापडत नाही. या साध्या देवाणघेवाणीवर शतकानुशतकांचा व्यापार उभा होता.

ओडिशातील बालेश्वर हे या व्यापाराचे एक प्रमुख बंदर होते. इंग्रजांनी 1633 पासून या किनाऱ्यावर व्यापाराला सुरुवात केली. पुढे डच, डॅनिश आणि फ्रेंच यांनीही बालेश्वरात बस्तान बसवले. त्यांना मुख्यतः कापड हवे होते, आणि त्यात रानरेशमाचे कापडही असे. मोहाडी-आंधळगावच्या कोशाशी परिचित असलेल्या वाचकास त्याची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. कवडी ही परतीच्या जहाजाची भरताड होती. जड, न कुजणारी आणि तळाशी ओतली की जहाज स्थिर ठेवणारी. डचांनी सतराव्या शतकाच्या मध्यास श्रीलंकेचा किनारा घेतल्यावर त्यांना मालदीवची कवडी तेथूनच मिळू लागली. इंग्रज ती बंगाल आणि बालेश्वर येथे विकत घेत. ॲमस्टरडॅम आणि लंडन येथे तिचे लिलाव होत आणि गुलामांचा व्यापार करणारी जहाजे ती घेऊन गिनीच्या किनाऱ्याकडे निघत.

आजच्या बेनिन देशातील उईदा या बंदरात माणसाच्या किमतीचा मोठा हिस्सा कवड्यांत चुकता होई. यान होगेनडॉर्न आणि मॅरियन जॉन्सन यांच्या 1986 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 1700 ते 1790 या काळात डच आणि इंग्रज यांनी पश्चिम आफ्रिकेत नेलेल्या कवड्यांची संख्या सुमारे 10 अब्ज भरते. बालेश्वरच्या बाजारात एका गठडीचे दोन ग्राहक असू शकत होते. एक ओडिया शेतकरी, ज्याला ती सारा भरण्यासाठी हवी होती, आणि दुसरा कंपनीचा दलाल, ज्याच्या हातून ती गुलामांच्या बाजारात जाणार होती. दोघांनाही एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

काहणांतील सारा आणि नागपूरचा खजिना

1742 पासून रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. 1744 मध्ये भास्करराम कोल्हटकरांची भेटीच्या निमित्ताने हत्या झाली, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर 1751 च्या तहाने नबाब अलीवर्दीखानाने बंगालच्या चौथाईपोटी वार्षिक 12 लाख रुपये मान्य केले आणि सुवर्णरेखा नदीच्या दक्षिणेचा ओडिशा व्यवहारतः भोसल्यांच्या हाती आला. बालेश्वर या हद्दीच्या आत होते. ज्या बंदरातून कंपन्यांचा माल जात होता ते मराठ्यांच्या अमलाखाली आले. तेथील इंग्रजांची वखार मात्र चालूच राहिली.

येथे एक प्रशासकीय प्रश्न उभा राहिला आणि तो या लेखाच्या केंद्रस्थानी आहे. सुभ्याचे हिशेब काहणांत होते, नागपूरला मात्र रुपये हवे होते. साध्या गणिताने त्याचे गांभीर्य कळते. एका पौंडात सुमारे 400 कवड्या बसतात, म्हणजे एका रुपयाच्या 5120 कवड्यांचे वजन पावणेसहा किलोच्या आसपास होते. एक लाख रुपये कवड्यांच्या रूपात पाठवायचे तर सुमारे 580 टन ओझे झाले. एका बैलाच्या पाठीवर सव्वाशे किलो धरले तरी साडेचार हजारांहून अधिक बैलांचा तांडा कटकहून नागपूरपर्यंत चालवावा लागला असता, आणि त्या बैलांच्या चाऱ्यातच त्या लाखाचा बराच भाग संपला असता. याच कटकमार्गे 1790 मध्ये नागपूरला आलेल्या डॅनियल लेकी या इंग्रजाच्या प्रवासवर्णनाच्या शीर्षकातच बंजारी घाटाचा उल्लेख आहे. तांडे या वाटेवर होतेच, पण त्यांनी वाहण्याजोगा माल मीठ-धान्याचा होता, खजिन्याचा नव्हे.

म्हणून कवडी ओडिशातच राहिली आणि मूल्य तेवढे पुढे सरकले. कवडीचा रुपया करणे हे सराफाचे काम होते आणि तो रुपया दूरवर पोचवणे हे हुंडीचे. सराफ आपला बट्टा घेई. तथापि एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूची होती: सरकार त्याच्याकडून कवडी स्वीकारत होते. बदलाबदलीची तोशीस जमीनदार, अंमलदार आणि सराफ यांच्या पातळीवर पडे, खाली फारशी उतरत नसे. भोसल्यांच्या ओडिशातील कारभारावर इंग्रज लेखकांनी कठोर टीका केली आहे आणि बंगालवरील स्वाऱ्यांच्या क्रौर्याची आठवण तेथील लोकस्मृतीत अद्याप आहे. ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु चलनाच्या बाबतीत हा कारभार स्थानिक रीतीला धरून होता. ही उदारता होती की केवळ सोय, हा प्रश्न गौण आहे. परिणाम तोच होता.

इंग्रजांना हा प्रदेश हवा होता. कलकत्ता आणि मद्रास यांच्यामध्ये भोसल्यांचा किनारा आडवा पडत होता. हिऱ्यांच्या शोधात 1766 मध्ये संबळपूरकडे गेलेल्या टॉमस मॉटकडे ओडिशाविषयीच्या वाटाघाटींचेही काम होते. 1781 मध्ये कर्नल पिअर्सचे सैन्य मद्रासकडे जाताना याच प्रदेशातून गेले आणि त्यासाठी वॉरन हेस्टिंग्जला भोसल्यांना पैसे मोजावे लागले. 1803 मध्ये वाटाघाटींची गरज उरली नाही. 14 ऑक्टोबर रोजी कर्नल हार्कोर्टने कटकचा बाराबाटी किल्ला घेतला. अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव यांनंतर 17 डिसेंबर 1803 रोजी देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींनी कटक सुभा बालेश्वरासह सोडून दिला. नागपूर पुन्हा समुद्राविना झाले.

1803 नंतर

कंपनी सरकारने प्रारंभी चार काहणांस एक रुपया हा दर ठरवून कवड्यांत भरणा घेतला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सारा केवळ चांदीच्या रुपयांत भरावा असा नियम झाला. वरवर पाहता ही हिशेबाची सुधारणा होती. प्रत्यक्षात जी वस्तू सरकार स्वीकारते म्हणून लोक स्वीकारत होते, तिचा हा आधारच निघाला. बाजारात रुपयाला सहा-सात काहणे पडू लागली. ज्या कुळाचा देणे रकमेत बदल झाला नव्हता, त्याला तोच एक रुपया उभा करण्यासाठी दीडपट ते पावणेदोनपट कवड्या, म्हणजे तितके अधिक धान्य किंवा तितके अधिक दिवसांचे श्रम द्यावे लागले. वाढ न करता सारा वाढला होता.

1807 मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि पश्चिम आफ्रिकेकडे जाणाऱ्या कवडीची इंग्रज मागणी एकाएकी खाली आली. ओडिशातील घसरणीशी याचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे होईल. सरकारी नियमाचे कारण एकटेच पुरेसे आहे. परंतु एका शिंपल्याचे दोन मोठे ग्राहक, एक महसूल खाते आणि दुसरा गुलामांचा व्यापारी, एकाच दशकात मागे सरले ही वस्तुस्थिती दुर्लक्षिण्याजोगी नाही. आफ्रिकेतील माणसांच्या विक्रीवरील बंदी न्याय्य होती, तर ओडिशातील निर्णयाला केवळ खजिन्याची सोय हाच आधार होता.

1817 मध्ये खुर्द्याच्या परिसरात बक्षी जगबंधू यांच्या नेतृत्वाखाली पाइकांचा उठाव झाला. पाइकांच्या इनामी जमिनींवर आलेली गदा, जगबंधूंची गेलेली जमीनदारी, मिठाचा मक्ता आणि लिलावात निघालेल्या जमिनी ही त्याची कारणे बहुतेक ग्रंथांत आढळतात. उठावाची चौकशी करून वॉल्टर इवर याने 1818 मध्ये जो अहवाल दिला, त्यात कवडीच्या घसरलेल्या भावाचीही नोंद आहे. जगबंधू 1825 मध्ये शरण आले. सारा तोवर रुपयांतच भरला जात होता.