कॅमेरा नवा घ्यावा की जुना?

वागळे इस्टेटमधील आपल्या कोणत्याही घरात पाऊल टाका. भिंतीवर तथागतांची प्रतिमा असते, शेजारी परमपूज्य बाबासाहेबांची असते आणि त्यांच्या खाली बहुधा घरातील गेलेल्या कर्त्या माणसाचा फोटो असतो. हा तिसरा फोटो जरा जवळ जाऊन पाहा. डोळे पुसट, कडा विरलेल्या, खांद्यावर कुठल्यातरी शिक्क्याची अर्धगोल रेघ. कारखान्याच्या गेटपासवरचा, टपालाच्या तिकिटाएवढा फोटो मोठा करून घेतलेला असतो. जन्मभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचा तेवढा एकच फोटो, आणि तोही कंपनीने हजेरीसाठी काढलेला!

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, तो समारंभ याच वागळे इस्टेटमध्ये झाला. पुढे मराठवाडा, विदर्भ, कोकण, पश्चिम महाराष्ट्र अशा चारही दिशांनी आपली माणसे इथे आली. इंदिरानगर, किसननगर, रामचंद्रनगर, लोकमान्यनगर या वस्त्या त्यांच्या घामावर उभ्या राहिल्या. आज कित्येक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. त्या कारखान्यांत आपली माणसे काम करताना कशी दिसत होती, हे दाखवणारे फोटो आपल्या घरांत जवळजवळ नाहीत. कारण कॅमेरा आपल्या हातात नव्हता.

आता तो आपल्या हातात येऊ पाहत आहे, म्हणूनच हा लेख. आमच्या वस्तीतील एका मुलीने फोटोग्राफीचा व्यवसाय करायचे ठरवले. मंगल परिणय, नामकरण, जयंतीचे कार्यक्रम एवढे काम वस्तीतच मिळेल, असा तिचा हिशेब. भाऊ म्हणाला, घ्यायचा तर नवाच घे, हप्ते मी भरतो. वडील म्हणाले, आधी जुना घे, हात बसू दे. दोघांचे जमेना, तेव्हा त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही एका परिचिताचा जुना आणि दुसऱ्याचा नवा असे दोन कॅमेरे एका रविवारपुरते मागून आणले आणि तिच्याबरोबर विहारात गेलो. त्या दिवशी जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आरसा नसलेला कॅमेरा म्हणजे काय?

लग्नाच्या फोटोग्राफरकडे पूर्वी जो मोठा कॅमेरा असे, त्याच्या पोटात एक तिरपा आरसा असे. लेन्समधून येणारे दृश्य तो आरसा वर डोळ्याकडे पाठवी आणि बटण दाबताच वर उचलला जाई. तो 'खटॅक' आवाज त्या आरशाचाही असे. मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसा काढून टाकला आहे. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसते तेच आपल्याला छोट्या पडद्यावर दिसते. त्यामुळे कॅमेरा हलका झाला. शिवाय फोटो काळा येणार की पांढराफटक, हे बटण दाबण्यापूर्वीच कळू लागले. लेन्स बदलता येणारा असा पहिला कॅमेरा पॅनासोनिक कंपनीने २००८ साली आणला.

आम्ही पाहिलेले दोन्ही कॅमेरे सोनी कंपनीचे. जुना अल्फा ६०००, हा २०१४ साली निघाला. नवा अल्फा ६७००, हा २०२३ सालचा. दोघांमध्ये नऊ वर्षांचे अंतर आहे, पण दोघांचे सेन्सर एकाच आकाराचे आणि लेन्स बसवायची खाच एकच. एकाची लेन्स दुसऱ्याला बसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कुठे फरक आहे आणि कुठे नाही

दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगतो. जुन्याचे २४, नव्याचे २६. हा फरक किती, ते कागदावर मांडून पाहू. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके. एका इंचात ३०० ठिपके अशी उत्तम छपाई धरली तरी २० इंच बाय सव्वातेरा इंचांचा फोटो निघतो. लग्नाच्या अल्बमचे १२ बाय १८ चे पान त्यात आरामात बसते. नव्या कॅमेऱ्याने ही लांबी जेमतेम अर्ध्या-पाऊण इंचाने वाढते. एका सेकंदात सलग फोटो काढण्याचा कमाल वेगही दोघांचा सारखाच, ११. म्हणजे मेगापिक्सेल आणि वेग पाहून कोणी नवा घेत असेल, तर त्याने पैसे खिशातच ठेवावेत.

खरा फरक चार ठिकाणी आहे.

पहिला, नेम धरण्याचा. जुन्या कॅमेऱ्यात फोकससाठी १७९ बिंदू आहेत, नव्यात ७५९. जुन्यातही माणसाचा डोळा शोधण्याची सोय आहे, पण त्यासाठी एक बटण दाबून धरावे लागते आणि माणूस स्थिर असावा लागतो. नवा कॅमेरा माणूस ओळखतो, त्याचा डोळा पकडतो आणि माणूस चालू लागला तरी सोडत नाही. मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या मुलींचे फोटो काढायचे असतील, तर हा फरक मोठा आहे.

दुसरा, हात थरथरण्याचा. नव्या कॅमेऱ्यात सेन्सरच हलून हाताचा कंप सावरतो. जुन्यात ही सोय नाही, ती लेन्समध्ये असेल तरच मिळते. पण एक गैरसमज काढून टाकावा. ही सोय फोटो काढणाऱ्याचा हात सावरते, समोरच्याची हालचाल नव्हे. नाचणारे मूल पुसट यायचे ते येणारच.

तिसरा, आवाजाचा. विहारात त्रिसरण-पंचशील चालू असताना जुना कॅमेरा खटखट करतो आणि माना वळतात. नव्यात पूर्ण नि:शब्द फोटो काढता येतो. मात्र त्यात एक मेख आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, पण नि:शब्द पद्धतीत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. शटरचा वेग एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंद ठेवला की हे पट्टे बहुतेक वेळा जातात.

चौथा, चित्रफितीचा. जुन्या कॅमेऱ्यात बाहेरचा साधा माईक लावायला खाच नाही आणि सलग चित्रीकरण सुमारे २९ मिनिटांवर थांबते. नव्यात माईक लागतो, कानाला हेडफोन लावून आवाज तपासता येतो आणि चित्रही कितीतरी बारकाईचे येते. बॅटरीतही फरक आहे. कंपनीच्या मोजणीप्रमाणे एका बॅटरीत जुना ३६० फोटो काढतो, नवा ५७०. उलट, जुन्यात छोटा फ्लॅश अंगचाच आहे, नव्यात नाही. वजनात जुना ३४४ ग्रॅम, नवा ४९३ ग्रॅम.

पांढरी साडी, सावळा चेहरा

आता जी गोष्ट सांगतो ती दोन्ही कॅमेऱ्यांना सारखीच लागू आहे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक अडाणी असतो. समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरूनच तो हिशेब करतो. आपल्या कार्यक्रमात उपासक-उपासिका शुभ्र पांढऱ्या वस्त्रांत बसलेल्या असतात. एवढे पांढरे पाहून कॅमेऱ्याला वाटते की उजेड फार झाला, आणि तो सगळे दृश्य काळवंडून टाकतो. साडी मळकी येते आणि चेहरा काळोखात जातो. मग फोटोग्राफर म्हणतो, 'मावशी, तुमचा रंगच असा, मी काय करू?' दोष रंगाचा नसतो, मापाचा असतो. कॅमेऱ्यावर अधिक-उणेची खूण असते. ती अधिककडे पाऊण ते एक घर सरकवली, की साडी पांढरी आणि चेहरा जसा आहे तसा उजळ दिसतो. आम्ही विहारात दोन्ही कॅमेऱ्यांनी हे करून पाहिले. जुन्याने काढलेला आणि नव्याने काढलेला चेहरा शेजारी ठेवला, तर कोणता कशाचा हे घरच्यांना ओळखता आले नाही.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट दिसली की रंग बरोबर, असे ठरलेले. काळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बसत नसत. कोणाला माप मानायचे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

आणि मापाचा दोष नसला तर मनाचा दोष आडवा येतो. कित्येक अल्बममध्ये सावळी नवरी संगणकावर गोरी करून देतात. न विचारता देतात, आणि आपणही पैसे मोजून घेतो. ज्या मुलीने आपल्या मंगल परिणयात समतेची प्रतिज्ञा घेतली, तिच्याच अल्बममध्ये तिचा खरा चेहरा नसावा, ही काय तऱ्हा झाली?

पैसे कशात घालावे?

नव्या कॅमेऱ्याची नुसती बॉडी लाखाच्या वर जाते, लेन्स वेगळी. वापरलेला जुना त्याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतो. मग उरलेल्या पैशांचे काय करावे? चांगली लेन्स घ्यावी. कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स ५० मिलिमीटरला एफ ५.६ पर्यंतच उघडते. त्याच लांबीची एफ १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा साडेनऊ पट उजेड आत घेते. ट्यूबलाइटच्या उजेडात चालणाऱ्या आपल्या समाजमंदिरात, बसलेल्या किंवा उभ्या माणसांचे फोटो काढताना, बॉडी बदलून जे मिळत नाही ते लेन्स बदलून मिळते. आणि खाच एकच असल्याने उद्या नवी बॉडी घेतली, तरी लेन्स वाया जात नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना मूळ बिल आणि त्यावरील क्रमांक कॅमेऱ्याशी ताडून पाहा. बिल नसेल तर माल चोरीचा असू शकतो. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का पाहा. लेन्समधून बॅटरीचा उजेड पाडून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा. ठाण्याच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. घेतल्यावर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांबरोबर ठेवा.

मग नवा घ्यावाच कोणी? ज्याला दर आठवड्याला चित्रफितीचे काम आहे, ज्याचा हप्ता कामातूनच निघतो, त्याने अवश्य घ्यावा. ज्याचे काम अजून सुरूच व्हायचे आहे, त्याने घेऊ नये. पावसाळ्यात लग्ने थांबतात, हप्ता थांबत नाही.

त्या मुलीने जुना कॅमेरा आणि एक चांगली लेन्स घ्यायचे ठरवले. भाऊ जरा हिरमुसला. पण त्याने देऊ केलेल्या पैशांतून फोटो साठवायला दोन हार्ड डिस्क आल्या. एक घरी, दुसरी मावशीकडे. एकाच ठिकाणी ठेवलेला फोटो म्हणजे गेलेला फोटो, हे तिने पहिल्याच दिवशी लिहून ठेवले आहे.

हे काम आता थांबण्याजोगे नाही

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, कारण आपले म्हणणे दुसऱ्यांच्या पत्रांत येत नव्हते. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत त्यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले. तो जनसागर आज आपल्या नातवंडांना दिसतो तो त्या एका माणसाने कॅमेरा उचलला म्हणून. पुढे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे कॅमेऱ्याने जगापुढे मांडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१९५६ साली नागपूरला दीक्षा घेतलेली माणसे आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. वागळे इस्टेटच्या पहिल्या पिढीचे कामगारही तसेच. त्यांना बोलते करा. जुन्या कॅमेऱ्याला साधा माईक लागत नाही म्हणून अडू नका. मोबाइल त्यांच्या छातीजवळ ठेवून आवाज वेगळा घ्या, सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल लिहा.

त्या रविवारी संध्याकाळी मुलीने पहिला फोटो आपल्या आजीचा काढला. आजी दारातल्या उजेडात बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला गोरी नको करू माय. हाय तशीच ऱ्हाऊ दे." मग भिंतीवरचा गेटपासचा फोटो तिने स्वतः उतरवून दिला. आम्ही त्याची काच काढली, तो खिडकीपाशी सपाट ठेवला, कॅमेरा स्टँडवर लावला आणि दोन सेकंदांचा टायमर देऊन त्याची प्रत घेतली. समोरचा माणूस हलणारा नव्हता. जुना कॅमेरा पुरेसा होता.

जयभीम!